बाबासाहेबांचं भाषण एकच, मग प्रत्येक नेता त्यातला वेगळा तुकडा का सांगतो?

उदगीरकर

नमस्कार मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. इथे संविधान सभेच्या चर्चा वाचलेले लोक आहेत म्हणून विचारतो. २६ नोव्हेंबरला आमच्या तालुक्याला संविधान दिनाचा कार्यक्रम होता, सत्तेतले एक नेते आले होते. ते भाषणात म्हणाले की बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवलंय, देश स्वतंत्र झाला, आता सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे सगळं सोडा, ही अराजकाची वाट आहे. त्या वेळी आमच्याकडे सोयाबीनच्या भावावरून शेतकरी रस्त्यावर बसलेले होते, त्यामुळे रोख कुणाकडे आहे ते समोरच्या प्रत्येकाला कळलं.

मग थोड्या दिवसांनी विरोधी पक्षाची सभा झाली, तिथेही बाबासाहेबच. राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं वाक्य सांगितलं आणि जोरदार टाळ्या घेतल्या. पण त्याच सभेत पुढचा अर्धा तास स्वतःच्या नेत्याला लोकनायक, भाग्यविधाता असं काय काय म्हणून झालं.

घरी येऊन शोधलं तर दोन्ही वाक्यं एकाच भाषणातली निघाली, २५ नोव्हेंबर १९४९. तेव्हापासून मला चैन नाहीये. दोघंही खोटं बोलले असं म्हणता येत नाही कारण वाक्यं खरी आहेत, पण खरं बोलले असंही म्हणवत नाही. माझा एक मित्र म्हणतो, जाऊ दे ना, निदान नाव तरी घेतात, पन्नास वर्षांपूर्वी तेवढंही घेत नव्हते. तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्यासारख्या सभेत बसलेल्या माणसाने हे ओळखायचं कसं, दर वेळी कोण मूळ भाषण काढून वाचणार?

कट्टा वाचनालय

खूप चांगला विषय काढलात. ते भाषण मी बऱ्याच वेळा वाचलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

संविधानाचा तिसरा वाचन टप्पा संपत आला होता, दुसऱ्या दिवशी म्हणजे २६ नोव्हेंबरला ते स्वीकारलं गेलं. त्या आदल्या दिवशी बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून टीकेला उत्तर द्यायला उभे राहिले. सुरुवातीला त्यांनी श्रेय वाटून दिलं, संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांचं नाव घेतलं, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं घेतलं, संविधान चांगलं की वाईट हे चालवणाऱ्या माणसांवर ठरेल असं म्हणाले. मग शेवटाकडे त्यांनी लोकशाही टिकवायची तर तीन गोष्टी करा असं सांगितलं, आणि तुमच्या दोन्ही नेत्यांनी जे उचललं ते इथलंच.

पहिली गोष्ट, सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी फक्त घटनात्मक मार्ग धरा. रक्तरंजित क्रांती सोडा, कायदेभंग, असहकार, सत्याग्रहही सोडा, हे अराजकाचं व्याकरण आहे. तुमच्या तालुक्यातले नेते इथे थांबले. पण बाबासाहेब तिथे थांबलेले नाहीत, त्यांनी तिथेच कारण दिलंय, की जेव्हा घटनात्मक मार्ग शिल्लकच नव्हते तेव्हा त्या मार्गांचं बरंच समर्थन करता येत होतं, मार्ग खुले असताना मात्र ते करता येणार नाही. म्हणजे वाक्याला अट आहे. दार उघडं असेल तर खिडकी फोडू नका असं ते म्हणतायत. मग जो सत्तेत बसलाय त्याच्यावरच जबाबदारी येते की दार उघडं आहे का ते दाखव. शेतकऱ्याचं निवेदन घेतलं का, सभागृहात त्यावर चर्चा झाली का, हमीभावाने खरेदी करणारं केंद्र वेळेवर सुरू झालं का. हे काहीच न सांगता फक्त 'आंदोलन नको, बाबासाहेब म्हणाले' हे म्हणणं म्हणजे अट गिळून टाकणं.

आणि अजून एक, शांततेने, हत्यार न घेता एकत्र जमायचा हक्क त्याच संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये दिलेला आहे. शांततेचा मोर्चा हाच मुळात घटनात्मक मार्ग आहे. ज्यांनी १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, त्यांच्या तोंडी 'लोकांनी गप घरी बसावं' हे घालताना जरा तरी विचार करायला हवा. महाडला तर कायदेशीर आधारही होता, १९२३ ला बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झालेला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले म्हणून, आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलेलं होतं, फक्त कागदावर. तो कागद खरा करायला लोक चालत गेले.

दुसरी गोष्ट भक्तीची. तिथे त्यांनी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेतलाय, की कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. देशासाठी आयुष्य वेचलेल्या माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात काही चूक नाही पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असं ते आधी सांगतात. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती हुकूमशाहीकडे नेते. हे कुठल्या एका पक्षाला उद्देशून नाहीये. ज्याने ते वाचलं त्याने आधी स्वतःच्या व्यासपीठाकडे बघायचं.

आता तिसरी, आणि माझ्या मते भाषणाचा जीव हाच आहे. नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, ती सामाजिक लोकशाही करा. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल, एक माणूस एक मत, आणि सामाजिक, आर्थिक आयुष्यात विषमता असेल. ही विसंगती लवकरात लवकर काढली नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही राजकीय लोकशाहीची सगळी इमारतच उडवून देतील, इतक्या स्पष्ट शब्दांत. उदगीरकर, तुमच्या दोन्ही सभांत हे कोणी बोललं का? मी इतक्या वर्षांत मोठ्या नेत्याच्या तोंडून हा तिसरा भाग पूर्ण ऐकलेला नाही. कारण पहिला भाग आंदोलकावर फेकता येतो, दुसरा विरोधकावर फेकता येतो, तिसरा मात्र बोलणाऱ्याच्याच अंगावर येतो. सत्तेतला असो नाहीतर विरोधातला, कधी ना कधी सगळ्यांनी राज्य केलंय आणि विषमता जिथली तिथे आहे.

स्पष्टवक्ता सातारा

कट्टा यांचं लिहिणं पटलं पण मला एक बाजू मांडायचीय. भाषण म्हणजे पीएचडी नाही हो. वीस मिनिटात माणूस किती सांगणार, लोक उन्हात बसलेले असतात. कोट म्हटलं की तो तुकडाच असणार, आपण लग्नात तुकाराम महाराजांची एक ओळ म्हणतो तेव्हा पूर्ण अभंग कुठे म्हणतो? प्रत्येक वेळी 'संदर्भ सोडला' म्हणून ओरडायला लागलो तर नेते वाचायचंच सोडून देतील, आणि आत्ताच किती वाचतात ते आपल्याला माहितीय. उदगीरकरांच्या मित्राचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. नाव घेतल्यामुळे गावातली चार पोरं तरी ते भाषण शोधतात, जसं यांनी शोधलं.

कट्टा वाचनालय

@स्पष्टवक्ता, छोटं करायला माझी काहीच हरकत नाही. छोटं करणं आणि उलटं करणं यात फरक करा एवढंच म्हणतो. तुम्ही तुकडा घेतलात आणि मागचं-पुढचं वाचल्यावर अर्थ तोच राहिला तर तो प्रामाणिक कोट. मागचं-पुढचं वाचल्यावर अर्थ फिरला तर ती फसवणूक, मग ते वाक्य शब्दशः खरं का असेना.

उदाहरण देतो. फाळणीवरचं त्यांचं पुस्तक, पहिली आवृत्ती १९४०, सुधारित १९४५. त्यात मुस्लिम समाजाबद्दल कडक टीका आहे, तिथला बंधुभाव हा फक्त आपल्या धर्माच्या लोकांपुरता आहे असं त्यांनी लिहिलंय. हे वाक्य एका गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फिरत असतं. त्याच पुस्तकात लिहिलंय की हिंदू राज खरंच आलं तर ती या देशावरची सगळ्यात मोठी आपत्ती असेल, ते कसंही करून रोखलं पाहिजे. हे दुसऱ्या गटाच्या ग्रुपवर फिरतं. आणि तिथेच त्यांनी असंही लिहिलंय की एक राष्ट्र की दोन राष्ट्रं या प्रश्नावर सावरकर आणि जिना यांचं पूर्ण एकमत आहे. एकच पुस्तक, एकच लेखक, आणि ज्याच्या हातात अर्धं आहे तो म्हणतो बाबासाहेब आमच्या बाजूचे. त्या माणसाने दोन्ही बाजूंची झाडाझडती घेतली होती, म्हणून तर ते पुस्तक इतकं जड आहे.

निळी पहाट

मी सहसा लिहीत नाही इथे, वाचून जाते. पण आज लिहिते कारण हे आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे, आमच्यासाठी हा अभ्यासाचा विषय नाही.

'बाबासाहेबांनीच सांगितलं होतं आरक्षण फक्त दहा वर्षं.' हे वाक्य मी कॉलेजात ऐकलं, नोकरी लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत ऐकलं, आणि ते बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांनी कुठल्या तरी नेत्याच्या भाषणात ऐकलेलं असतं आणि त्यांना ते खरंच वाटतं. आता बघा. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांना, अनुच्छेद ३३४. नोकरीतल्या आरक्षणाचा आधार अनुच्छेद १६ मधला, शिक्षणातल्याचा १५ मधला, त्यांना अशी मुदत घातलेलीच नाही. आणि ती राजकीय जागांची मुदत संसद दर वेळी दुरुस्ती करून वाढवत आली, आत्ताची २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत आहे, आणि ती वाढवताना हेच सगळे पक्ष हात वर करतात.

पण मला जास्त लागतं ते पुढचं. त्या दहा वर्षांबद्दल बाबासाहेब स्वतः काय म्हणाले होते? २५ ऑगस्ट १९४९ च्या चर्चेत ते म्हणाले की मी स्वतः जास्त मुदतीचा आग्रह धरायला तयार होतो, अनुसूचित जातींना आणखी काळ मिळाला असता तर बरं झालं असतं, आणि आदिवासींसाठी तर मी खूपच जास्त काळ द्यायला तयार आहे. सभागृहाचं दहा वर्षांवर ठरलेलं होतं म्हणून ते मान्य केलं. म्हणजे ज्या माणसाला मुदत कमी वाटत होती त्याच्याच नावावर 'त्यांनी मुदत घातली' हे खपवलं जातंय. आमच्या घरातल्या फोटोतला माणूस आमच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा करतात, तेव्हा कसं वाटतं ते सांगता येत नाही. म्हणून स्पष्टवक्ता दादा, 'निदान नाव तरी घेतात' हे मला नाही पटत. असं नाव घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

आणि ते 'मी संविधान जाळीन' वालं. ते पण दर थोड्या महिन्यांनी येतं, कोणी संविधान बदला म्हणून टाकतं तर कोणी बाबासाहेबांनाच ते नको होतं म्हणून. २ सप्टेंबर १९५३, राज्यसभा, आंध्र राज्याच्या विधेयकावरची चर्चा. हो, ते म्हणाले की जाळायला मी पहिला पुढे येईन. रागात होते. पण चर्चा कशावर होती? अल्पसंख्याकांना संरक्षण देण्यावर, त्यासाठी राज्यपालाला काही अधिकार द्यावेत यावर. आणि लगेच पुढे ते म्हणतात की या देशात बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्य आहेत, तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीचं नुकसान होईल असं म्हणून त्यांना डावलता येणार नाही, सगळ्यात मोठं नुकसान अल्पसंख्याकांना दुखावल्याने होईल. हे पुढचं कोणी फॉरवर्ड करतं का? मग १९५५ च्या मार्चमध्ये राज्यसभेत त्यांना ह्याच वाक्यावरून टोकलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, आम्ही देवासाठी मंदिर बांधलं, पण देवाची स्थापना व्हायच्या आधी असुरांनी त्याचा ताबा घेतला तर ते पाडण्याशिवाय काय करणार. हे सगळं सरकारच्या रेकॉर्डमध्ये आहे, लपलेलं नाही. वाचायचं नाही हे ठरवलेलं असतं.

विधी शाखा

पहाट ताई, तुमच्या पोस्टला सलाम. मी लॉ करतोय, आमच्याकडे सध्या हाच प्रकार उद्देशिकेवरून चालतो म्हणून भर घालतो.

'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आले, ते काढा म्हणणारे नेते सांगतात की बाबासाहेबांचा विरोध होता. अर्धं खरं. १५ नोव्हेंबर १९४८ ला प्रा. के. टी. शाह यांनी दुरुस्ती सुचवली होती की पहिल्याच अनुच्छेदात धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी असे शब्द घाला. बाबासाहेबांनी ती नाकारली. पहिलं कारण असं दिलं की समाजाची आर्थिक रचना कशी असावी ते त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवावं, संविधानात बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच मारणं, आज समाजवाद बरा वाटतो, उद्या लोक त्याहून चांगलं काही शोधतील. नेते इथे थांबतात. दुसरं कारण, ही दुरुस्ती अनावश्यक आहे, कारण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आम्ही आधीच ती दिशा घातलीय, आणि मग त्यांनी ते कलम वाचून दाखवलं, संपत्ती मूठभरांच्या हातात साठू नये, समान कामाला समान वेतन. म्हणजे शब्द नको कारण माल आत आहे, असं ते सांगतायत. आणि हाच माणूस १९४७ ला संविधान सभेला दिलेल्या निवेदनात म्हणतो की मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करा, विमा सरकारचा करा, शेतीही सरकारी उद्योग म्हणून चालवा. आता त्यांना समाजवादाचा विरोधक कसं म्हणणार?

पण दुसऱ्या बाजूलाही सांगतो, जे म्हणतात की उद्देशिकेतला एकही शब्द हलवला तर बाबासाहेबांचा अपमान, त्यांनी ते पहिलं कारण वाचलेलं नसतं. ते खरंच पुढच्या पिढीला मोकळं ठेवू बघत होते.

समान नागरी कायद्याचं पण तसंच. २३ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी त्याची जोरात बाजू घेतली, हे एक बाजू सांगते. त्याच उत्तराच्या शेवटी ते म्हणाले की भविष्यातली संसद सुरुवातीला हा कायदा जे स्वतःहून मान्य करतील त्यांनाच लागू करू शकते, पूर्ण ऐच्छिक. हे कोण सांगतं?

खेडूत

आमच्या पंचायत समितीत दर वर्षी कार्यक्रमात साहेब लोक एकाच दमात सांगतात की गांधीजी आणि बाबासाहेब दोघांचंही स्वप्न होतं ग्रामस्वराज्य. अहो बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना गावाला संकुचितपणाचं, अज्ञानाचं, जातीयतेचं आगर म्हटलं होतं. ग्रामपंचायतीचं कलम नंतर के. संथानम यांच्या दुरुस्तीने आलं, बाबासाहेबांनी ती स्वीकारली हे खरं. पण गावाबद्दल ते जे बोलले ते गावात उभं राहून सांगायला पाहिजे. स्मशानभूमी अजून वेगळी आहे बऱ्याच गावांत. ते वाक्य ऐकल्यावर कोणाला राग आला तर येऊ दे, त्यावर बोलणं तरी होईल.

कोकणातला इतिहासप्रेमी

विषय बाबासाहेबांचा आहे तरी स्वराज्याच्या संस्थापकांचंही लिहितो, त्यांच्याबाबतीत तर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

'रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका' हे प्रत्येक पक्षाच्या भाषणात असतं, बॅनरवर असतं. भाजीच्या देठाचा उल्लेख महाराजांच्या ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रात आहे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं, म्हणजे आमच्याच कोकणातलं. पण ते पत्र पूर्ण वाचा एकदा. देठाची गोष्ट सुरुवातीची आहे, मुख्य मजकूर पुढे आहे आणि तो हुकूम आहे. गावोगाव फिर, कुणब्यांना गोळा कर, ज्याच्याकडे शेत करायची ताकद आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणे नाहीत म्हणून जो अडून बसलाय त्याला बैलांसाठी रोख पैसे दे, खायला धान्य दे. आणि वसूल करताना व्याज लावायचं नाही, मुद्दलच, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू. जुनी थकबाकी देण्यासारखी परिस्थिती नसेल तर ती माफीसाठी कळव. यासाठी किती खर्च करायचा तेही आकड्यात दिलंय, दोन लाख लारीपर्यंत (लारी म्हणजे तेव्हाचं नाणं). साडेतीनशे वर्षांपूर्वी!

आता सांगा, देठाचं वाक्य सांगून नेता टाळी घेतो, ते कोणालाच काही मागत नाही. पुढचं वाचलं तर समोरचा शेतकरी विचारेल की साहेब, बिनव्याजी कुठंय, बैलाचे पैसे कुठं आहेत, आमचं पीककर्ज का अडवलं. म्हणून ते पुढचं येत नाही. मला या पत्राबद्दल फार वाटतं कारण त्यात महाराज राज्यकर्ता म्हणून दिसतात, खर्चाचा हिशोब करणारा, सुभेदाराला कामाला लावणारा. पुतळ्यात ते दिसत नाहीत.

महात्मा फुल्यांचंही तेच, 'विद्येविना मती गेली' एवढं शाळेच्या भिंतीवर असतं, पण ज्या ग्रंथात ते आहे तो शेतकऱ्यावरच्या करांवर, कर्जावर आणि सरकारी कामगारांनी, म्हणजे अधिकाऱ्यांनी, केलेल्या लुबाडणुकीवर आहे. ते कोणत्या भिंतीवर आहे?

जर्सीकर

सगळ्यांचं वाचून भरून आलं. मी न्यू जर्सीत असतो, इकडे तर हे अडीचशे वर्षं चालू आहे, दोन्ही पक्षांचे लोक संस्थापकांच्या नावाशिवाय भाषण करत नाहीत. जेफरसनचं ते प्रसिद्ध वाक्य, स्वातंत्र्याच्या वृक्षाला अधूनमधून देशभक्तांच्या आणि जुलमी लोकांच्या रक्ताचं खत लागतं, ते टीशर्टवर असतं, बंदुकीच्या समर्थनाच्या मोर्चात असतं. १७८७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसहून लिहिलेल्या खाजगी पत्रातलं आहे ते, मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांच्या बंडावर. त्याच पत्रात तो म्हणतो की लोक बंड करतात ते बऱ्याचदा चुकीच्या माहितीमुळे, उपाय एवढाच की त्यांना खरी परिस्थिती समजावा, माफ करा आणि शांत करा. हे वाक्य रक्ताच्या वाक्याच्या अगदी जवळ आहे, पण टीशर्टवर येत नाही.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. कट्टा यांनी ज्या भाषणाबद्दल लिहिलंय त्यात बाबासाहेबांनी स्वतः जेफरसनला कोट केलंय, हे इथे कोणी सांगितलं नाही. जेफरसन म्हणतो प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्र समजा, तिला बहुमताने स्वतःला बांधून घ्यायचा हक्क आहे, पुढच्या पिढीला बांधायचा नाही. बाबासाहेब ते लांब वाचून दाखवतात आणि म्हणतात, हे नुसतं खरं नाही, पूर्णपणे खरं आहे. मग त्यावरून दाखवतात की म्हणूनच आम्ही दुरुस्तीची वाट सोपी ठेवलीय, दोन तृतीयांश मिळवा आणि बदला, तेवढंही जमत नसेल तर लोक तुमच्याबरोबर आहेत असं म्हणू नका.

यातून दोन गोष्टी दिसतात मला. एक, कोट कसा करावा. १९४८ ला मसुदा मांडताना ग्रोट या इतिहासकाराचा उतारा घेतला तेव्हाही तसंच, पूर्ण परिच्छेद वाचला, आपण तो का घेतोय ते सांगितलं, आणि त्यावरून निष्कर्ष काढून स्वतःची भूमिका स्वतःच्या नावावर मांडली. थोर माणसाच्या आड लपले नाहीत. दुसरं म्हणजे 'संस्थापक म्हणाले म्हणून बरोबर' हेच त्यांना मान्य नव्हतं. आज नेता 'बाबासाहेब म्हणाले' एवढं म्हणून वाद संपवतो, पण ते भाषण सांगतंय की वाद तुमच्या पिढीने घालायचाय, तुमच्या कारणांनी. मला तर वाटतं नेत्याला विचारावं, बाबासाहेबांचं राहू दे बाजूला, तुमचं म्हणणं काय आणि का.

स्पष्टवक्ता सातारा

जर्सीकरांचा शेवटचा प्रश्न सभेत विचारण्यासारखा आहे. पण सभेत माइक कोण देतो? पत्रकारांनी विचारला पाहिजे. पुढच्या वेळी आमच्याकडे कोणी आलं की मी स्थानिक वार्ताहर मित्राला हे सांगणार आहे, की कोट छापतोस तर शेजारी तारीख छाप आणि पुढचं एक वाक्य छाप. एवढं जरी झालं तरी पुष्कळ. पहाट ताई, तुमचं म्हणणं ऐकलं, त्या बाजूने मी बघितलं नव्हतं.

उदगीरकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं. आमच्या गावात वाचनालय आहे, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण तिथे पूर्ण वाचायचं ठरवलंय, मध्ये कोणाचं भाषण नाही, प्रमुख पाहुणा नाही. आळीपाळीने वाचायचं, त्यात दहावीतली मुलंही असतील. जे शेतकरी रस्त्यावर बसले होते त्यांनाही बोलावतोय आणि त्या दोन्ही नेत्यांनाही पत्र देतोय, आले तर आले. खात्रीचा मजकूर कुठे मिळेल तेवढं सांगा, नेटवर वेगवेगळे भाषांतराचे तुकडे दिसतात आणि त्यातच गाळलेलं असेल तर सगळंच मुसळ केरात.

कट्टा वाचनालय

फार चांगलं करताय. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड काढलेत, १९७९ पासून, सुरुवातीचे वसंत मून यांनी संपादित केलेले. त्यात १३ वा खंड संविधान सभेतल्या कामाचा आहे, हे भाषण त्यात आहे, इंग्रजीत. १९५३ आणि १९५५ ची राज्यसभेतली भाषणं १५ व्या खंडात, फाळणीचं पुस्तक ८ व्यात. छापील खंड मिळायला त्रास होतो, पण जिल्हा ग्रंथालयात किंवा जवळच्या जुन्या कॉलेजात विचारा, आणि पीडीएफ नेटवर आहेत. संविधान सभेच्या चर्चांचा अधिकृत मजकूर लोकसभेच्या साइटवरही तारखेप्रमाणे आहे, त्याच्याशी ताडून बघा. मराठीत करताना परिच्छेदाला परिच्छेद जुळवा, एकही गाळू नका, अगदी टीकाकारांना उत्तरं दिलेला सुरुवातीचा भाग कंटाळवाणा वाटला तरी. मुलांना आधी एकदा घरी वाचायला द्या, नावं अवघड आहेत, जेफरसन, मिल, ओ'कॉनेल असे अडखळतात.

निळी पहाट

उदगीरकर दादा, तिसऱ्या भागाच्या प्रती काढून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्या. भाषांतराला माणूस हवा असेल तर मी करते, मेसेज टाका. बायकांनाही वाचायला उभं करा, नुसतं रांगोळीला आणि ओवाळायला नको.